एका हाताची सुरी: अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या दोन फेऱ्या

सुरी घ्यायला माणूस मंडईत जातो, बोहरी आळीत जातो, फार तर कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात जातो. मी एसटीने सव्वाशे किलोमीटर गेले. तेही दोनदा, आणि दुसऱ्या खेपेला वडिलांना घेऊन.

एरवी इथे मी किल्ले आणि घाटवाटा लिहिते, आणि खाली तुमचे ठरलेले प्रश्न येतात: ताई, कसं जायचं, खायला काय मिळतं, खर्च किती? ही सहल जुनी आहे, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली, तेव्हा तिकिटाचे आकडे आता कुणाच्या कामाचे नाहीत. रस्ता मात्र तोच. पुण्याहून पाटसमार्गे बारामती, बारामतीहून इंदापूरची गाडी, वाटेत आधी अंथुर्णे आणि मग निमगाव केतकी. जाणार असाल तर फेब्रुवारीतच जा. ऊन अजून अंगावर येत नाही आणि हुरडा मिळतो.

आता कारण सांगते. माझे वडील, तात्या, बारामतीचे आचारी. लग्न, बारसं, जावळ, गावजेवण, काहीही असो, बारामती ते इंदापूर या पट्ट्यात त्यांनी चूल मांडली नाही असं गाव शोधून काढावं लागेल. पाचशे पानांचं जेवण त्यांच्या लेखी मध्यम काम. आवाज असा, की मांडवाच्या या टोकाला मीठ मागितलं की त्या टोकाचा वाढपी पळत यायचा. पंचाण्णव साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं जरा जड झालं, पण डावा हात गेला तो गेलाच. आई आधीच गेलेली. मी एकटी, हडपसरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या नोकरीला. त्यांना माझ्या दोन खोल्यांत घेऊन आले.

आल्या आल्या त्यांनी एकदाच प्रयत्न केला. विळी मांडली, तर विळीला दोन हात लागतात. मग ओट्यापाशी उभं राहून सुरी घेतली, तर धरायला हात नाही म्हणून कांदा पळाला. कांद्यामागे तात्या वाकले, तोल गेला, पडले. लागलं काही नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराची पायरी चढणं सोडलं. गॅलरीतली खुर्ची आणि समोरच्या इमारतीची भिंत. बारामतीहून कुणी भेटायला आलं की डोळे मिटून झोपेचं सोंग. "सांग, औषधानं झोप लागलीय," असं मला खुणेने सांगायचे. मी पण सांगायचे. दीड वर्ष हे चाललं, आणि मला खरंच भीती वाटायला लागली की हा माणूस याच खुर्चीत बसून संपणार.

मग एक दिवस कारखान्याच्या फाटकाबाहेर माझी चप्पल तुटली. तिथे बसणाऱ्या चांभारकाकांनी ती शिवायला घेतली, आणि चामड्याचा तुकडा कापायला रापी उचलली. रापी म्हणजे अर्ध्या चंद्रासारखं पातं, आणि मूठ बरोबर मध्यावर, पात्याच्या डोक्यावर उभी. मुठीत धरून नुसतं दाबलं, या टोकावरून त्या टोकावर झुलवलं, की चामडं कापलं. एका हाताने! दुसऱ्या हाताने ते बिडी ओढत होते.

मी चप्पल हातात घेऊन अनवाणीच ऑफिसात गेले आणि ड्रॉइंग काढायला बसले. माझा स्वभावच तसा आहे. एकदा डोक्यात आलं की आलं. पुढून, बाजूने, वरून अशी तीन चित्रं, मिलिमीटरमधली मापं, खाली माझी सही. मुठीसाठी मी माझाच हात कागदावर ठेवून आखला, पुरुषाचा हात म्हणून थोडा वाढवला, आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. आमच्या खात्यातले एक फिटर अंथुर्ण्याचे. ते म्हणाले, "बाई, हे काम पुण्यात कुणी करणार नाही. आमच्या गावी शंकरराव लोहार आहेत, त्यांच्याकडे जा." तात्यांना मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नकोच म्हणाले असते.

पहिली फेरी शनिवारची. सकाळी साडेसहाला हडपसरहून गाडी धरली. शेजारणीला तात्यांचं जेवण सांगून ठेवलं होतं. यवत येईपर्यंत झोप, पाटसला चहा, आणि तिथून उजवीकडे वळलं की बारामतीपर्यंत ऊसच ऊस. बारामतीच्या स्टँडवर गरम भजी आणि पाव खाल्ला, इंदापूरची गाडी शोधली. गाडी भरलेली, पण माझ्या डब्याच्या पिशवीकडे बघून एका मावशींनी सरकून जागा दिली.

कंडक्टर म्हणाला, "कुठं?"

"अंथुर्णे."

"कुणाकडं?"

"शंकरराव लोहारांकडे. सुरी करून घ्यायचीय."

"पुण्यास्नं? सुरीला?" त्याने तिकीट फाडलं आणि मागे वळून अख्ख्या गाडीला सांगितलं, "पुण्यातल्या सुऱ्या सपल्या बरं का!" गाडी हसली. मीही हसले. मला माहीत होतं मी काय करतेय.

सणसरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवला. दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हर खाली उतरून मजेत टायर बघतोय. आमचे ड्रायव्हर ओरडून ओरडून थकले. माझ्या शेजारच्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "वरडून काय व्हतंय? त्याला इतक्यात कारखान्याव जायाचं न्हाय, नंबर लांब हाय त्याचा." अर्धा तास गेला. या रस्त्यावर साखर कारखाना चालू असतो तेव्हा घड्याळ घरी ठेवावं, एवढाच माझा सल्ला.

शंकररावांची भट्टी रस्त्यालगत, लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याच्या छपरात. शंकरराव म्हणजे शिडशिडीत, पांढऱ्या मिशा, दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. उरलेले सगळे शब्द त्यांच्या बायकोकडे, हौसाबाईंकडे. बाई पन्नाशीच्या पुढच्या, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, बांगड्या कोपराकडे सारलेल्या, आणि हातात घण. हो, घण. त्या घरात ठोकायचं काम बाईचं. शंकरराव लाल लोखंड सांडशीने ऐरणीवर धरतात, छोट्या हातोड्याने टिचकी मारतात, आणि टिचकी जिथे पडली तिथेच हौसाबाईंचा घण पडतो. बोलायचं काही नाही. हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजला की थांबायचं. मी पोचले तेव्हा एक कुऱ्हाड घडत होती, आणि ती होईपर्यंत मी तोंड उघडं टाकून बघत उभी होते.

मग मी ऐटीत पिशवीतून ड्रॉइंग काढलं. शंकररावांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं, बायकोला दिलं.

"ह्ये काय? घर बांधायचं हाय का?" हौसाबाई म्हणाल्या.

मी समजावलं. पुढून असं दिसतं, बाजूने असं, वडिलांचा एक हात असा, कांदा असा. बराच वेळ बोलले. त्या ऐकत होत्या, मग नवऱ्याकडे वळल्या. "रापी म्हणत्यात. मोठी रापी."

"मग तसं म्हना की," शंकरराव म्हणाले. ड्रॉइंगची घडी घालून त्यांनी कोळशाच्या पोत्याखाली सारली. ते मी पुन्हा पाहिलं नाही.

लोखंड म्हणाल तर ट्रकच्या पाट्याचा तुकडा. गाडीच्या चाकावर कमानीसारखे पाटे असतात ना, त्यातला. "ह्याच्यावानी पोलाद न्हाय," शंकरराव म्हणाले, आणि ती त्या दिवशीची त्यांची सगळ्यात मोठी स्तुती होती. भात्याचा पंखा मी फिरवला. तुकडा लाल झाला, मग केशरी. छिन्नीने तोडला, आणि ठोकायला सुरुवात. आधी पाटा पसरला, मग मधोमध मागच्या बाजूने एक शेपूट ओढून काढलं, ते पुढे मुठीत जाणार. मग पात्याची दोन्ही टोकं हळूहळू वर वळवली. तापवायचं, ठोकायचं, थंड झालं की परत भट्टीत. किती वेळा ते मी मोजलं नाही.

"मला द्या ना घण," मी म्हणाले.

हौसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "झेपंल?"

"झेपेल की."

पहिला घाव बरा पडला. दुसरा टिचकीच्या वीतभर लांब. तिसरा ऐरणीच्या काठावर बसला, आणि घण उलटून माझ्या खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. शंकररावांनी हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजवला. थांबायची खूण! एवढ्यात मला ती भाषा कळायला लागली होती. घण परत मालकिणीकडे गेला, आणि पुढचे दोन दिवस मला हात वर करून वेणी घालता आली नाही.

पाणी देताना, म्हणजे धार कडक करताना, मात्र मला जवळ बोलावलं. पात्याची नुसती धार पाण्यात बुडवली, पाठ वरच. चर्रर्र झालं. बाहेर काढून धार विटेने घासून चकचकीत केली आणि नुसतं बघत बसले. पाठीची उष्णता हळूहळू धारेकडे उतरते, तसा रंग सरकतो. "हळदीचा रंग आला की सांग," हौसाबाई मला म्हणाल्या. मी डोळे फाडून बघत होते. आला! मी ओरडले, शंकररावांनी पातं पाण्यात टाकलं. नोकरीत मी पोलादाची शंभर ड्रॉइंगं काढली असतील, पण पोलाद असं हळद लावून घेतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता राहिली मूठ. कानशीने पातं साफ झालं, बाभळीचं वाळकं लाकूड मी समोर बघत होते, ऊन कलायला अजून वेळ होता. म्हटलं, चारची गाडी मिळेल. तर शंकरराव उठून हात धुवायला लागले.

"मूठ?" मी विचारलं.

"धनी कुठाय?"

"वडील पुण्यात आहेत. माप आहे ना, कागदावर. पोत्याखाली."

"कागुद कांदा चिरनार हाय व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला खाली बसवलं आणि एकदाची समजूत घातली. खुरपं कुणाच्याही हातात चालतं, त्याला मूठ कशीही चालते. पण एकच हात असलेल्या माणसाचं हत्यार मुठीत जरा फिरलं, तर सावरायला दुसरा हात नाही. "आमी अशी मूठ धन्याच्या हाताबिगर बसवत न्हाय. बापाला घिऊन या. पुढच्या बाजारी आमी निमगावात असतोय, लिंबाखालीच."

मी खूप बोलून बघितलं. शंकररावांनी माझ्या बोलण्यावर अर्धी बिडी ओढली, बस. शेवटी बिनमुठीचं पातं गोणपाटात गुंडाळून घेतलं. त्यांनी पात्याचे सत्तर रुपये सांगितले, मी दिले, आणि हौसाबाईंनी वर ओंजळभर हुरडा आणि लसणाची चटणी दिली. गाडीत बसून तो खाल्ला. चव अप्रतिम होती, पण डोक्यात एकच विचार. जो माणूस झोपेचं सोंग घेतो, त्याला भर बाजारात कसा नेऊ? निमगाव म्हणजे पानमळ्यांचं मोठं गाव, आठवड्याचा बाजार, पंचक्रोशी लोटणार, आणि त्यातल्या निम्म्यांनी तात्यांच्या हातचं खाल्लेलं.

घरी येऊन मी गोणपाट तात्यांसमोर स्टुलावर उघडलं. त्यांनी ते बघितलं आणि धारेवरून आडवा अंगठा फिरवला.

"पानी चांगलं दिलंय," ते म्हणाले. "मूठ कुठाय?"

मी सगळं सांगितलं. नाही म्हणाले. का, तर पाय दुखतो. दुसऱ्या दिवशी नाही, का, तर एसटीचे धक्के. तिसऱ्या दिवशी खरं बोलले. "लोकं बघत्याल, सुमे. ज्यांनी मला उभं बघितलंय ती लोकं."

मला वाईट वाटलं, आणि राग पण आला. मी रागीटच आहे, लपवून काय करू. म्हटलं, "ठीक आहे. मग मी माझ्या हाताची मूठ बसवून घेते. पातं फुकट कशाला घालवू? मी चिरीन त्याने कांदा."

"तू?" तात्या म्हणाले. दीड वर्षात त्यांच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी होतं. "तुझा कांदा म्हंजी बैलाला घातलेली कडबाकुट्टी."

"असू दे."

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, पहिली गाडी कितीला आहे. मी हसू दाबून भाजी वाढली.

दुसरी फेरी बाजारच्या दिवशी, रजा काढून. तात्यांनी धोतर नेसलं, पांढरी टोपी घातली, आणि फेब्रुवारीतल्या त्या उबेत खांद्यावरून शाल घेतली. शाल कशाला ते मला कळत होतं, डावा हात तिच्याखाली. बारामतीच्या स्टँडवर ते खाली मान घालून बसले. चहासुद्धा मी आणून दिला. कुणी ओळखलं नाही. त्याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, मला सांगता येणार नाही. अंथुर्णे गेलं, शेळगाव गेलं. खिडकीतून ते गावं मोजत होते. मध्येच म्हणाले, "हितं पंचवीस शेगड्या लावल्या व्हत्या," आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

निमगावचा बाजार फुललेला. टोमॅटोचे ढीग, मेथीच्या पेंड्या, खाऊच्या पानांच्या करंड्या, कोंबड्या, चपला, आणि सगळ्यांच्या वर भज्यांचा वास. शंकररावांनी लिंबाखाली खड्ड्यात छोटी भट्टी पेटवली होती, भोवती खुरप्याला धार लावायला आलेले लोक. तात्यांना मी पोत्यावर बसवलं. त्यांनी टोपी कपाळावर ओढून घेतली.

हौसाबाईंनी कालव्याच्या काठची चिकण माती मळून आणली होती, कणकेसारखी. तिचा गोळा तात्यांच्या उजव्या हातात ठेवला. "आवळा, आबा. हत्यार धरल्यागत."

तात्यांनी हळूच दाबला. बोटांचे नुसते ठसे उठले.

"असं न्हवं. जोरात."

परत तेच. शंकररावांनी गोळा हातात फिरवून बघितला आणि मान हलवली. "ह्या मापावं केली तर मूठ निसटंल. पाहुण्याच्या घरी धरल्यागत धरत्यात." तिसऱ्यांदा मळून दिला, तरी तेच. तात्या इकडेतिकडे बघत होते, कोण बघतंय याच्यावरच सगळं लक्ष. इथून जर मूठ न बसवता परत गेलो, तर हे पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात खुरप्याला धार लावायला आलेल्यांतले एक गृहस्थ पुढे झाले. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, वय तात्यांएवढंच. वाकून टोपीखाली बघितलं.

"तात्या आचारी न्हवं का तुमी?"

तात्यांनी टोपी आणखी खाली ओढली.

"मी कळसचा. माझ्या थोरलीच्या लग्नाला तुमीच व्हता." मी मनात म्हटलं, झालं, आता हा हळहळणार, हाताचं विचारणार, तात्या उठून जाणार. पण त्या माणसाने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "बुंदी कमी पडली व्हती!"

"आँ?" तात्यांनी मान वर केली.

"बुंदी. माझे व्याही बिनबुंदीचे उठले. चौदा वरसं झाली, इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. गावलाच न्हाय तुमी."

"बुंदी कमी पडली?" तात्यांची टोपी मागे सरकली. "दोनशे मानसाचा सांगावा दिलास, आन् पंगतीला आणलंस चारशे! वऱ्हाडाच्या आधी तुझीच भावकी बसली पाटावं, दोन दोन येळा! मोजली मी डोकी!"

"आमटीबी पातळ व्हती."

"पातळ?" हा आवाज मी दीड वर्ष ऐकला नव्हता. पलीकडची मेथीवाली उठून बघायला आली. "आमटी माझी पळीवं उभी ऱ्हात व्हती! पानी वतलं तुझ्या मेव्हण्यानं, माझ्या पाठीमागं, घागर उचलून! त्याला इचार जा, जित्ता असंल तर!" आणि प्रत्येक शब्दाला उजवी मूठ त्या माणसाच्या नाकासमोर हलत होती, तिच्यात मातीचा गोळा, बोटांच्या फटींतून माती बाहेर यायला लागलेली. शाल केव्हाच खाली पडली होती.

हौसाबाईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "हां! सोडू नका! ह्यो खरा हात!" एकेक बोट सोडवून त्यांनी गोळा काढून घेतला. चार बोटांच्या चार खोल खाचा, आणि अंगठ्याची जागा तर एवढी मोठी, की माझे दोन अंगठे मावले असते. आयुष्यभर झारा धरून अंगठा असा झाला होता. माझ्या कागदावर त्यातलं काहीच नव्हतं.

कळसचे ते गृहस्थ जराही रागावले नव्हते. पोतं ओढून तात्यांशेजारी बसले, तंबाखू काढली. "मेव्हणा हाय जित्ता," ते म्हणाले. "इचारतो त्याला. मला बी संशय व्हताच." त्यांनी तंबाखू पुढे केली, तात्यांनी घेतली, आणि मग कुणाच्या लग्नात काय झालं ते सुरू झालं. त्या माणसाने हाताकडे एकदाही बघितलं नाही. मुद्दाम की सहज, कोण जाणे. मी भज्यांच्या गाडीमागे जाऊन पोटभर रडून घेतलं आणि येताना सगळ्यांसाठी भजी आणली.

मूठ बसवताना तुम्ही कधी बघितलं नसेल तर जरूर बघा. शंकररावांनी बाभळीचा ठोकळा मातीच्या गोळ्यासमोर ठेवून तासायला घेतला. तासून तात्यांच्या हातात द्यायचा, परत घ्यायचा, अजून थोडं. चार वेळा असं झालं. मग लाकडाला अरुंद भोक पाडलं, पात्याचं शेपूट भट्टीत लाल केलं, आणि तेवढंच लाल टोक त्या भोकात रेटलं. पात्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, म्हणजे धारेचं पाणी उतरत नाही. भसकन धूर निघाला, लाकूड जळल्याचा वास. शेपटाने जाळून स्वतःपुरती जागा करून घेतली. ते बाहेर काढून भोकात राळेची पूड भरली, शेपूट पुन्हा गरम करून बसवलं, राळ वितळली आणि गार होता होता दगडासारखी घट्ट झाली. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं ठोकलं, शेंबी म्हणतात त्याला, लाकूड फुटू नये म्हणून. शेवटी धार. सगळं मिळून दीड तास.

शंकररावांनी सुरी तात्यांच्या हातात दिली नाही, समोर जमिनीवर ठेवली. धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, हे आमच्याकडेही पाळतात. तात्यांनी वाकून ती उचलली. कुणी आधार दिला नाही, आणि त्यांना लागलाही नाही.

येताना माझ्या पिशवीत पाच किलो कांदे होते. तात्यांनी स्वतः निवडलेले, भाव करून, मेथीवालीच्या शेजारच्या म्हाताऱ्याशी दहा मिनिटं हुज्जत घालून. गाडीत ते घोरत झोपले. या वेळी खरोखर.

कुणी मला विचारतं, तिथे काय बघण्यासारखं आहे? देऊळ सांगता येईल, कालवा सांगता येईल. पण मी सांगेन, बाजारच्या दिवशी जा आणि काम करणाऱ्या माणसांजवळ बसा. मी मोठ्या तोऱ्यात गेले होते, मापं घेऊन. माझं चुकलं एवढंच, की ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं त्यालाच घरी ठेवून मी त्याचा प्रश्न सोडवायला निघाले. हे मला घण मारणाऱ्या एका बाईने शिकवलं, आणि तिने ते एका वाक्यात शिकवलं. रापीचा आकार मात्र माझाच बरोबर निघाला, हे पण लिहून ठेवते. आणि पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून त्यांची टोकं वर काढायची, म्हणजे कांदा टोचून बसतो आणि पळत नाही, ही युक्तीही माझीच. तो पाट मी त्याच रात्री करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, काही नव्हतं. सकाळी मला जाग आली ती खट, खट, खट अशा आवाजाने. आधी वाटलं शेजारी काही ठोकतायत. मग लक्षात आलं, आवाज आपल्याच घरातला आहे.

तात्या ओट्यापाशी उभे होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टोपी बाजूला. पाटावरच्या खिळ्याला अर्धा कांदा टोचायचा, पातं झुलवायचं, बाजूला सारायचं, पुढचा. पिशवी रिकामी. परात भरलेली, मोठं पातेलं भरलेलं, माझा भाताचा कुकरसुद्धा भरलेला. पाच किलो! एकसारखा बारीक, लग्नात चिरतात तसा.

"तात्या! आपण दोघंच! एवढ्या कांद्याचं करायचं काय?"

त्यांनी खांद्याने डोळे पुसले आणि पुढचा कांदा टोचला.

"करायचं काय म्हंजी? जा, मानसं बोलाव."

मी तशीच, केस न विंचरता, चपला घातल्या आणि खालच्या मजल्यापासून दारं वाजवायला सुरुवात केली.